आयनायझेशन एनर्जीचा ग्राफ: नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या मध्ये नक्की काय होतं

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे जाताना आयनायझेशन एनर्जी वाढते असं शिकवतात, मग बेरिलिअमनंतर बोरॉनला ती कमी का होते, नायट्रोजननंतर ऑक्सिजनला का घसरते, आणि 'अर्धं भरलेलं ऑर्बिटल (अणूत इलेक्ट्रॉन राहण्याची जागा) स्थिर असतं' असं लिहिलं की मार्क मिळतात पण ते मनाला पटत नाही. शिवाय हे सगळे अपवाद लक्षात कसे ठेवायचे असंही विचारलंयस. मी बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवतोय, आणि तुला ते पटत नाही हे वाचून खरंच बरं वाटलं, कारण ते उत्तर अर्धवटच आहे. अपवाद पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. दोन-तीन गोष्टी नीट कळल्या की ते अपवाद वाटतच नाहीत.

आधी एक सवय लावून घे. आयनायझेशन एनर्जी म्हणजे वायुरूपातल्या एकट्या अणूतला सगळ्यात सैल धरलेला इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, ही व्याख्या तुला माहितीच आहे, पण तिचा खरा अर्थ असा की ती एक वजाबाकी आहे: इलेक्ट्रॉन गेल्यानंतर उरलेल्या आयनची ऊर्जा वजा आधीच्या अणूची ऊर्जा. म्हणजे दोन्ही बाजू बघाव्या लागतात. नुसतं 'हा अणू स्थिर आहे' म्हणून भागत नाही आणि नुसतं 'तो आयन स्थिर आहे' म्हणूनही भागत नाही. बहुतेक मुलं एकच बाजू बघतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

दुसरं म्हणजे 'सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो' ही भाषा डोक्यातून काढून टाक. कुठलाच अणू इलेक्ट्रॉन फुकट देत नाही. सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल ऊर्जा बाहेरून द्यावीच लागते, आणि क्लोरीनने तो इलेक्ट्रॉन घेतला की परत मिळतात फक्त ३४९, म्हणजे नुसत्या या व्यवहारात १४७ किलोज्यूलचा तोटाच आहे. तरीही मीठ बनतं, कारण ते आयन एकत्र येऊन स्फटिक बनवताना जवळपास ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. अष्टक पूर्ण झाल्याच्या आनंदात सोडिअम इलेक्ट्रॉन टाकून देतो असं जे सांगितलं जातं ते लहान वर्गात ठीक आहे, पण तू ज्या लेव्हलचा प्रश्न विचारतोयस तिथे ते आड येतं.

आता आकडे घेऊन बसू, कारण आकड्यांशिवाय हा विषय कळत नाही असं माझं ठाम मत आहे. हायड्रोजनपासून सुरुवात. त्याची आयनायझेशन एनर्जी १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे मोलमागे १३१२ किलोज्यूल (एका इलेक्ट्रॉन व्होल्टला साधारण ९६.५ ने गुणलं की किलोज्यूल प्रति मोल मिळतात). एकच इलेक्ट्रॉन असेल तर सूत्र सोपं आहे: १३.६ गुणिले केंद्रकाच्या प्रभाराचा वर्ग, भागिले कवच क्रमांकाचा वर्ग. हेलिअमच्या केंद्रकावर प्रभार दोन, म्हणून त्याच्याकडे एकच इलेक्ट्रॉन उरला असेल तर तो काढायला १३.६ च्या चौपट, ५४.४ लागतात, आणि प्रयोगातही तेवढेच लागतात. पण हेलिअमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागतात फक्त २४.६. हा जवळपास ३० इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक कुठे गेला? दुसरा इलेक्ट्रॉन शेजारी आहे, तो पहिल्याला ढकलतोय, म्हणून पहिला आधीच थोडा सैल झालेला आहे. सगळ्या ट्रेंडचं मूळ या एका फरकात आहे. केंद्रक ओढतं, बाकीचे इलेक्ट्रॉन ढकलतात, आणि आपण जो आकडा मोजतो तो या ओढाताणीचा निकाल असतो.

पुढे लिथिअम. केंद्रकावर तीन प्रभार, बाहेरचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या कवचात. त्याला पूर्ण तीन प्रभार जाणवत असता तर १३.६ गुणिले ९ भागिले ४, म्हणजे ३०.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागले असते. प्रत्यक्षात लागतात ५.३९. आतले दोन इलेक्ट्रॉन केंद्रक झाकून टाकतात. १९३० मध्ये स्लेटर नावाच्या शास्त्रज्ञाने हे झाकणं मोजायचे सोपे नियम दिले: एकाच कवचातला शेजारी ०.३५ इतकं झाकतो, आतल्या लगतच्या कवचातला प्रत्येक इलेक्ट्रॉन ०.८५ इतकं. लिथिअमसाठी ३ वजा १.७, म्हणजे बाहेरच्या इलेक्ट्रॉनला प्रत्यक्षात जाणवणारा परिणामी प्रभार १.३. सूत्रात १.३ टाक, उत्तर येतं ५.७५. खरा आकडा ५.३९. कागद-पेन्सिलच्या गणिताला हे फारच छान उत्तर आहे, मला अजूनही दर वेळी फळ्यावर करताना मजा येते.

डावीकडून उजवीकडे वाढ का होते ते आता आपोआप दिसतं. एक घर पुढे गेलं की केंद्रकावर एक प्रभार वाढतो आणि त्याच कवचात एक इलेक्ट्रॉन वाढतो, पण तो नवा इलेक्ट्रॉन ०.३५ च झाकतो. म्हणजे प्रत्येक घराला ०.६५ निव्वळ फायदा. लिथिअमला १.३, बेरिलिअमला १.९५, असं करत करत निऑनला ५.८५. इलेक्ट्रॉन वाढतायत तर एनर्जी कमी व्हायला पाहिजे असं जे तुला वाटत होतं, त्याचं उत्तर हे की शेजारी बसलेला इलेक्ट्रॉन झाकायच्या कामाचा फारसा नाही, आत बसलेला असतो. आणि कवच बदललं की आकडा (आता परत किलोज्यूल प्रति मोलमध्ये) निऑनच्या २०८१ वरून सोडिअमच्या ४९६ वर धाडकन आपटतो, कारण निऑनपर्यंत शेजारी असलेले आठ इलेक्ट्रॉन आता आतले झाले.

पण स्लेटरचे नियम एकाच कवचातली एस आणि पी ही दोन प्रकारची ऑर्बिटल एकत्रच धरतात, त्यामुळे बोरॉनची घसरण त्यात दिसत नाही. ही घसरण त्यामानाने सोपी आहे. बेरिलिअम ८९९, बोरॉन ८०१. बेरिलिअममधून जाणारा इलेक्ट्रॉन २एस (दुसऱ्या कवचातलं एस) मधला असतो आणि बोरॉनमधून जाणारा २पी मधला. २एस इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळपर्यंत शिरकाव करतो, २पी ला केंद्रकापाशी जागाच नसते, म्हणून २पी वरच्या ऊर्जेला असतो आणि त्याला २एस चे दोघंही थोडे जास्तच झाकतात. म्हणजे आपण दोन वेगवेगळ्या प्रकारच्या इलेक्ट्रॉनची तुलना करतोय. खालच्या ओळीत मॅग्नेशिअम ७३८ आणि अॅल्युमिनिअम ५७८, तेच कारण. इथे 'बेरिलिअमचं एस ऑर्बिटल पूर्ण भरलंय म्हणून स्थिर' असं लिहिणारे खूप आहेत. ते चूक नाही म्हणता येणार पण त्यातून काही कळत नाही. 'जाणारा इलेक्ट्रॉन कुठला' हे विचारलं की कळतं.

आता नायट्रोजन-ऑक्सिजन. इथे मला जरा वेळ घ्यायचाय कारण हाच भाग सगळ्यात जास्त वेळा चुकीचा समजावला जातो. एक कागद घे, त्यावर बोरॉन ते निऑन सहा बिंदू काढ: बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लुओरीन १६८१, निऑन २०८१. आता पहिल्या तीन बिंदूंवर पट्टी ठेव. जवळपास सरळ रेषा येते, २८५ ची उडी, मग ३१६ ची. शेवटच्या तीन बिंदूंवर पट्टी ठेव. परत जवळपास सरळ रेषा, ३६७ ची उडी, मग ४०० ची. म्हणजे हा एक चढता ग्राफ आणि त्यात ऑक्सिजनचा एक खड्डा असं नाहीये, या दोन वेगळ्या रेषा आहेत आणि दुसरी रेषा पहिलीपेक्षा खाली सरकलेली आहे. नायट्रोजन कुठेही विशेष उंच नाही, तो आपल्या रेषेवर मुकाट्याने बसलाय. 'नायट्रोजनची एनर्जी जास्त का' हा प्रश्नच उलटा आहे. पहिली रेषा तशीच पुढे वाढवली तर ऑक्सिजनला १७४० च्या आसपास यायला हवं होतं, तो आलाय १३१४ ला. प्रश्न असा विचारायचा की ऑक्सिजनपासून पुढचे तिघंही चारशेच्या वर किलोज्यूलने खाली का उतरले.

कारण स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा एक अंगचा गुण, जो दोनच प्रकारचा असतो, सरळ किंवा उलटा. पी मध्ये तीन ऑर्बिटल. बोरॉन, कार्बन, नायट्रोजनमध्ये इलेक्ट्रॉन एकेका ऑर्बिटलमध्ये एकेक आणि सगळे एकाच स्पिनचे. समान स्पिनचे इलेक्ट्रॉन पाउलीच्या तत्त्वामुळे (एकाच स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी असू शकत नाहीत) एकमेकांच्या जवळ येणं टाळतात, म्हणून त्यांच्यातलं ढकलणं कमी असतं. ही जी बचत होते तिला एक्स्चेंज एनर्जी म्हणतात, आणि ती मोजायची कशी तर समान स्पिनच्या जोड्या मोजायच्या. ऑक्सिजनला चौथा इलेक्ट्रॉन आला की त्याला कुणाच्या तरी ऑर्बिटलमध्ये उलट्या स्पिनने शिरावंच लागतं. त्याला एक्स्चेंजची बचत शून्य, वर त्याच ऑर्बिटलमधल्या जोडीदाराचं ढकलणं जास्त.

आता वजाबाकी कर, दोन्ही बाजूंची. बोरॉनचा एकच पी इलेक्ट्रॉन, तो गेला तर तुटलेल्या जोड्या शून्य. कार्बनमध्ये एक जोडी होती, इलेक्ट्रॉन गेला की ती तुटली, नुकसान एक. नायट्रोजनमध्ये तीन इलेक्ट्रॉनच्या तीन जोड्या, एक इलेक्ट्रॉन गेला की एकच जोडी उरते, नुकसान दोन. ऑक्सिजनमध्ये तीन सरळ आणि एक उलटा, जोड्या तीनच, उलटा गेला तरी तीनच राहतात, नुकसान शून्य. फ्लुओरीनमध्ये तीन आणि दोन, जोड्या चार, एक उलटा गेला की तीन, नुकसान एक. निऑनमध्ये सहा, इलेक्ट्रॉन गेला की चार, नुकसान दोन. शून्य, एक, दोन, परत शून्य, एक, दोन. कागदावरच्या दोन रेषा म्हणजे हेच आहे. हे स्वतः हाताने बाण काढून एकदा मोज, वाचून सोडून देऊ नकोस, दहा मिनिटं लागतील पण नंतर कधीही विसरणार नाहीस.

मग 'अर्धं भरलेलं स्थिर' या वाक्याचं काय करायचं? परीक्षेत अपेक्षित असेल तर लिही, पण त्याच्या जोडीला 'ऑक्सिजनमध्ये पेअरिंगमुळे प्रतिकर्षण वाढतं' हे जरूर लिही. त्या वाक्यात जादू नाही हे खालच्या ओळी बघितल्या की लगेच दिसतं. नायट्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये ८८ किलोज्यूलची घसरण. फॉस्फरस १०१२ आणि सल्फर १०००, घसरण फक्त १२. आर्सेनिक ९४५, सेलेनिअम ९४१, म्हणजे नावापुरतीच. आणि अँटिमनी ८३१ तर टेल्युरिअम ८६९, घसरण गायबच, उलट वाढ! अर्धं भरलेलं असण्यात स्वतःचं काही खास बळ असतं तर अँटिमनीला पण मिळायला हवं होतं, त्याचंही पी ऑर्बिटल अर्धंच भरलंय. ऑर्बिटल मोठं होत गेलं की इलेक्ट्रॉन लांब लांब बसतात, ढकलणं आणि एक्स्चेंज दोन्ही कमी होतात, म्हणून रेषा खाली सरकण्याचं प्रमाणही कमी होत जातं. आणि अगदी जड अणूंमध्ये स्पिन आणि कक्षेतली गती एकमेकांत गुंतायला लागतात, त्यामुळे हे साधं जोड्या मोजण्याचं गणितही तितकंसं चालत नाही.

जाता जाता एक गोष्ट, मला फार आवडते म्हणून. ऑक्सिजन १३१४ आणि हायड्रोजन १३१२, जवळपास सारखेच. हा योगायोगच आहे, पण त्यामुळे अवकाशातल्या वायूच्या ढगांमध्ये हायड्रोजनचा आयन आणि ऑक्सिजनचा अणू एकमेकांशी इलेक्ट्रॉनची अदलाबदल अगदी सहज करतात, ऊर्जेचा खर्च जवळजवळ नाहीच. त्यामुळे अशा ढगात हायड्रोजन किती प्रमाणात आयनित आहे त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधता येतो.

गणात वरून खाली येताना कमी होते हे सगळ्यांना माहिती असतं: लिथिअम ५२०, सोडिअम ४९६, पोटॅशिअम ४१९, रुबिडिअम ४०३, सीझिअम ३७६. कवच लांब, आतले इलेक्ट्रॉन झाकणारे जास्त. यात फार काही नाही. खरी गंमत जिथे हे बिघडतं तिथे आहे. अॅल्युमिनिअम ५७८ आणि त्याच्या खाली गॅलिअम ५७९, एक आख्खं कवच वाढूनही एनर्जी कमी झालेलीच नाही. कारण मध्ये ३डी चे दहा इलेक्ट्रॉन भरले गेले, केंद्रकावर दहा प्रभार वाढले, आणि डी इलेक्ट्रॉन झाकायच्या बाबतीत एस-पी पेक्षा कच्चे. त्याच गणात इंडिअम ५५८ आणि खाली थॅलिअम ५८९, इथे ४एफ चे चौदा इलेक्ट्रॉन मध्ये आले, ते तर झाकण्यात आणखीच कच्चे, वर इतक्या जड अणूत सापेक्षतेचा परिणामही येतो. सीझिअमखालचा फ्रान्सिअम अजून कमी असेल असं कुणालाही वाटेल, पण तो ३९३ आहे, सीझिअमपेक्षा जास्त. तिथेही कारण सापेक्षता, ७एस इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळून जाताना इतका वेगात असतो की ते ऑर्बिटल आक्रसतं आणि घट्ट धरलं जातं. म्हणून 'सगळ्यात कमी आयनायझेशन एनर्जी कुणाची' असं विचारलं तर उत्तर सीझिअम, फ्रान्सिअम नाही.

डी ब्लॉकवर, म्हणजे आवर्तसारणीच्या मधल्या भागावर, फार वेळ घालवत नाही. स्कँडिअम ६३३ पासून कॉपर ७४५ पर्यंत नऊ मूलद्रव्यांत इतकीच वाढ, कारण नवा इलेक्ट्रॉन आत ३डी मध्ये जातो आणि एस-पी पेक्षा कच्चा असला तरी आतला असल्यामुळे बाहेरच्या ४एस ला शेजाऱ्यापेक्षा बरंच जास्त झाकतो, केंद्रकाचा वाढलेला प्रभार जवळजवळ तिथेच खर्च होतो. आणि काढताना पहिल्यांदा ४एस चा इलेक्ट्रॉन जातो, ३डी चा नाही. आयर्नचा दोन प्रभाराचा आयन लिहिताना ४एस रिकामं करायचं, एवढं लक्षात ठेव.

तू विचारलं नव्हतंस पण एकामागून एक इलेक्ट्रॉन काढण्याचे आकडे जरूर बघ, कारण कवचं खरोखर असतात याचा याच्याइतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहिती नाही. अॅल्युमिनिअम: पहिला ५७८, दुसरा १८१७, तिसरा २७४५, चौथा ११५७७. तिसऱ्यापर्यंत चढ आहे पण समजण्यासारखा, चौथ्याला एकदम चौपटीच्या वर उडी, कारण आता आतलं कवच फोडावं लागतं. मॅग्नेशिअमला हीच उडी तिसऱ्याला येते: ७३८, १४५१, ७७३३. एखाद्या अनोळखी मूलद्रव्याचे असे आकडे दिले आणि गण ओळखायला सांगितला तर उडी कितव्या इलेक्ट्रॉनला आहे बघायचं आणि त्यातून एक वजा करायचा, तेवढे बाहेरचे इलेक्ट्रॉन. मॅग्नेशिअम तीन प्रभाराचा आयन का देत नाही याचंही उत्तर तेच, ७७३३ किलोज्यूल भरून काढेल इतकी ऊर्जा कुठल्याच स्फटिकातून परत मिळत नाही.

हे आकडे मोजतात कसे तेही एका वाक्यात सांगतो. हेलिअमच्या दिव्याचा २१.२२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रकाश वायूवर टाकायचा आणि बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा मोजायची, झेनॉनमधून ९.०९ घेऊन इलेक्ट्रॉन बाहेर आला तर आत धरून ठेवायला १२.१३ खर्च झाले. निऑनला मात्र २१.५६ लागतात, म्हणून त्या दिव्याने त्याचा इलेक्ट्रॉन सुटत नाही, जास्त ऊर्जेचा प्रकाश लागतो.

झेनॉनच्या याच १२.१३ या आकड्याने इतिहास घडवलाय. १९६२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांच्या हातात प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड होतं, जे ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन ओढून घेतं असं त्यांना दिसलं होतं. ऑक्सिजनच्या रेणूची आयनायझेशन एनर्जी साधारण १२.०७. त्यांनी बघितलं की झेनॉनची जवळपास तेवढीच आहे, मग झेनॉनवर का चालू नये? त्यांनी दोन्ही वायू एकत्र केले आणि राजवायूचं (हेलिअम, निऑन, झेनॉन वगैरे) पहिलं खरं संयुग मिळालं. तोपर्यंत राजवायू कुणाशीच संयोग पावत नाहीत असंच सगळीकडे शिकवलं जायचं. तक्त्यातले दोन आकडे कुणीतरी शेजारी शेजारी ठेवून बघितले म्हणून ते घडलं.

शेवटी तुझ्यासाठी एक सराव, हा प्रश्न परीक्षांमध्ये सारखा येतो. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन यांची दुसरी आयनायझेशन एनर्जी चढत्या क्रमाने लाव. घाई करणारा पहिल्या एनर्जीचाच क्रम लिहितो. तू तसं करू नकोस, आधी प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन काढून टाक आणि मग बघ कोण कुठे उभा आहे. कार्बनचा आयन बोरॉनसारखा झाला, पी मध्ये एक. नायट्रोजनचा कार्बनसारखा, पी मध्ये दोन. ऑक्सिजनचा नायट्रोजनसारखा, तीन. फ्लुओरीनचा ऑक्सिजनसारखा, चार. म्हणजे या वेळी रेषा तुटणार ती ऑक्सिजन आणि फ्लुओरीनच्या मध्ये. खरे आकडे: कार्बन २३५३, नायट्रोजन २८५६, ऑक्सिजन ३३८८, फ्लुओरीन ३३७४. ऑक्सिजन फ्लुओरीनच्या वर, थोडाच पण वर. आता हेच तिसऱ्या आयनायझेशन एनर्जीसाठी नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन आणि निऑन घेऊन कर, रेषा कुठे तुटेल ते आधी कागदावर लिही आणि मग तक्ता उघडून ताडून बघ.